ठोके ऐकू येतात, पण हालचाल कमी आहे

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. कालपासून बाळाची हालचाल कमी वाटते, पण घरच्या डॉपलरवर (बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवणारं छोटं यंत्र) १४० ठोके दिसतात. थांबू का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, थांबू नका. आत्ताच प्रसूतिगृहात जा, रात्र असली तरी. गाडी नसेल तर १०२ला फोन करा. पोटातल्या बाळाला त्रास होऊ लागला की आधी हालचाल मंदावते, ठोके बरेच उशिरा बिघडतात. शिवाय यंत्र फसवतं. वारेतला सूं-सूं आवाज किंवा तुमचीच नाडी बाळाची वाटते. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६०. घाबरल्यावर तुमची नाडीही १२०वर जाते. दवाखान्यात पोटाला पट्टे बांधून वीसेक मिनिटं आलेख काढतात आणि हालचालीबरोबर ठोके वर चढतात का ते पाहतात. घरच्या आकड्यावरून हे कळत नाही.