पर्यटन महोत्सवाने गावाचा खरंच विकास होतो का?

तुम्ही विचारलंय की गावात पर्यटन महोत्सव भरवला तर विकास होतो का. होतो, पण गर्दीने नाही. 'जितक्या गाड्या जास्त, तितकं गावाचं भलं' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. त्यांनी एकदा भंडारदऱ्याचे काजवे नीट समजून घ्यावेत.

मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत घाटघर, रतनवाडी, साम्रद या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. पाऊस धरला की खेळ संपला. म्हणजे कमाईचे दिवस जेमतेम तीन आठवडे, त्यातही खरी गर्दी शनिवार-रविवारची. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. अरुंद रस्त्यावर रात्री गाड्यांची रांग लागते, हेडलाइट चालूच. काजव्याचा नर चमकून मादीला खुणावतो. मादी खाली गवतात, झुडपात असते. एवढ्या उजेडात खूण पोचत नाही आणि जोडी जमत नाही. अळी पुढे कित्येक महिने ओल्या मातीत गोगलगाई खाऊन वाढते, म्हणून झाडाखालची जमीन तुडवली की पुढच्या हंगामाचं भांडवलच गेलं.

आता पैशाचं बघा. समजा ताट अडीचशे रुपयांचं आहे. घरच्या तांदळाचा भात, नागलीची भाकरी आणि पिठलं असेल, तर तेल-मसाला आणि गॅसचे साठ-सत्तर वजा जाऊन बाकी त्या घरात राहतात. तंबू आणि आचारी बाहेरच्या कंत्राटदाराचे असतील, तर गावाच्या वाट्याला वाढप्या पोराची रोजंदारी आणि सकाळचा कचरा येतो.

काजवा महोत्सव भरवायचाच असेल तर गाड्या अंधार पडायच्या आत गावाबाहेरच्या पडीक रानात लावून घ्या आणि तिथून लोकांना पायी न्या. दहा जणांमागे गावातलाच एक वाटाड्या द्या. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावायचा, झोत जमिनीकडे ठेवायचा, मोबाइलचा फ्लॅश बंद. झाडाच्या घेराबाहेर दोरी बांधा. मुक्कामाची घरं पाळीने द्या, नाहीतर रस्त्याकडेची चार घरंच सगळं खातात, आणि त्यावरून गावात फूट पडते.

सगळ्यात जास्त फसतं ते पाणी. मुक्कामी माणसाला संडास-अंघोळीसकट चाळीस-पन्नास लिटर लागतं. पन्नास पाहुणे म्हणजे दोन-अडीच हजार लिटर, तेही विहिरी तळाला गेलेल्या असताना. टँकरचा खर्च तिकिटातच धरा. वाडीच्या विहिरीला हात लावलात, तर तो महोत्सव बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यांवर चालतो.

साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर रोज 3,000 माणसांची मर्यादा घातली गेली, आधी ऑनलाइन बुकिंग आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे. त्याने काही आभाळ कोसळलं नाही.

अर्थात हुरडा महोत्सवाला इतकं सोवळं लागत नाही, शेत माणसं सोसतं. आणि महोत्सवामुळे रस्ता लवकर होतो हेही खरं, एसटीला तो वर्षभर कामी येतो. फक्त तारीख तुमच्या हातात असेल तर पेरणीच्या तोंडावर धरू नका, कामाला माणूस मिळणार नाही.