भुताच्या नावाची घागर

प्रश्न : ताई, मी रहस्यकादंबरी लिहितोय. नायक भूत आहे. जिवंतपणी तो भुसावळला रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारा, होता आणि आता त्याच शहरातल्या एका खुनाचा छडा लावतो. मित्र म्हणतो, भूत भिंतीतून आरपार जातं, त्याला सगळंच दिसतं, मग रहस्य उरतं कुठे? म्हणून खुनाच्या रात्रीचं नायकाला काहीच आठवत नाही, असं केलंय. चालेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : मित्राची शंका रास्त आहे, पण तुमचा उपाय मला पटला नाही. विसरलेली रात्र शेवटच्या प्रकरणात अचानक आठवली, तर इतकी पानं सोबत चाललेल्या वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. भुताची आठवण काढून घेऊ नका, त्याची वाट अडवा.

तो पॉइंट्समन होता ना? मग त्याला रुळांपाशीच ठेवा. फलाट, यार्ड, धावता डबा, एवढीच त्याची हद्द. भुसावळहून एक लाइन नागपूरकडे जाते, दुसरी खंडव्याकडे. तो दोन्हीकडे लांबवर जाऊ शकेल, पण स्टेशनाबाहेरच्या रिक्षांपर्यंत नाही. खून गावातल्या घरात होऊ द्या. त्याला दिसतील ती फक्त गाडीत चढणारी-उतरणारी माणसं.

आता पुरावाही आपल्याच मातीतला घ्या. केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळपट होतो आणि मग कितीही धुवा, जात नाही. खुनी सकाळी गाडीतून उतरतो तेव्हा त्याच्या पांढऱ्या बाहीवर नुसता ओलावा असू द्या. दुसऱ्या दिवशी तोच सदरा, तिथेच काळा डाग. तो सांगतोय अकोल्याहून आलो, आणि डाग सांगतोय सावदा-रावेरकडच्या केळीच्या बागा. भुताला दिसलं ते वाचकालाही त्याच वेळी दिसलेलं असतं, त्यामुळे कुणाची फसवणूक नाही.

धुकं, पाऊस, कुत्र्यांचं रडणं मात्र सोडून द्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि लहानपणी आपल्याला रात्रीइतकंच भर दुपारी बारा वाजता चिंचेखाली जायला बंदी असायची. ओसाड फलाट, तापलेले रूळ, सगळ्यांच्या सावल्या पायाशी गोळा झालेल्या आणि एकाला सावलीच नाही. मला तरी ही दुपार कुठल्याही अमावास्येपेक्षा जास्त घाबरवते.

पण त्याला हा छडा लावायचाच का आहे? तुमच्या पत्रात ते कुठेच नाही, आणि माझ्या मते खरी कादंबरी तिथेच आहे.

अमळनेरला आमची आजी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरींसोबत एक घागर जास्तीची भरायची. आजोबांचा धाकटा भाऊ लग्नाआधीच गेलेला, मागे कुणी नाही. घागरीवर खरबूज, सांजोरी, आंबे ठेवून ती चुलीत आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकायची आणि म्हणायची, "त्याले तीस लागनी व्हई." म्हणजे त्याला तहान लागली असेल. त्या बोलण्याची मला कधी भीती वाटली नाही. उन्हात उभं राहिलेलं घरातलंच कुणीतरी आहे, असं वाटायचं.

तुमच्या नायकाला ती तहान द्या. फलाटावरचा नळ दिवसभर वाहतोय आणि याला थेंब पिता येत नाही. कुणी नावानं पाणी दिलं तरच ते त्याला पोचतं. ते देणारी एकच, त्याची बहीण. आणि त्या खुनाच्या संशयावरून पोलिसांनी तिलाच उचललंय. आखाजीला नऊ दिवस उरलेत. काळा डाग त्यानं पाहिलाय, पण ऐकणार कोण? फलाटावर चहा विकणाऱ्या पोराला तो काही सांगू शकेल का, हे तुम्ही ठरवा. ते मोकळेपणानं ठरवा, फक्त पहिल्या पन्नास पानांत ठरवा आणि मग तो नियम मोडू नका.

खुनाचं प्रकरण राहू द्या बाजूला. आधी मागच्या वर्षीची आखाजी लिहा, जेव्हा बहिणीनं घागर भरली होती आणि तो पाणी प्यायला होता.