साखळी तीच, काम वेगळे

प्रश्न : ट्रकवर माल आवळायची 10 मिमी, ग्रेड 80 (पोलादाच्या ताकदीचा दर्जा) साखळी आहे. पट्टीवर 6300 डेकान्यूटन लिहिलंय, म्हणजे सहा टनांच्या वर. तिने क्रेनवर 4 टनांचं यंत्र उचललं तर चालेल का? एक कडी झिजली आहे, तिथे नट-बोल्ट घालू का?

उत्तर : दोन्ही नको. त्याच मापाची उचलायची साखळी एका पदरावर, म्हणजे एकेरी लावली तर, 3.15 टनच घेते. उचलताना तुटण्याच्या भाराचा चौथा हिस्सा धरतात, आवळताना निम्मा. ट्रकवर धक्के खाल्लेली, मालाच्या कडांवर वाकलेली साखळी तर क्रेनला लावायचीच नाही, वजन कमी असलं तरी. उचलण्यासाठीचा दोन पदरी स्लिंग (एका कडीतून लोंबणाऱ्या दोन साखळ्या) घ्या. पदर उभ्या रेषेपासून 45 अंशांच्या आत असतील तर 4.25 टन, 60 पर्यंत फाकले की पुन्हा 3.15च, आणि तुमचं 4 टनांचं यंत्र त्या मर्यादेबाहेर जाईल.

झीज मोजायची ती कड्या एकमेकींवर घासतात तिथे: साखळी सैल करून, व्हर्नियर कॅलिपरने, काटकोनात दोन मापं. सरासरी 9 मिमीखाली गेली की ती कडी बाद. बोल्ट ताणाखाली वाकतो. वेल्डिंग त्याहून वाईट, त्या उष्णतेने पोलादाला दिलेलं पाणीच, म्हणजे तापवून-थंड करून आणलेली ताकदच, उतरतं.