शॉशँक झाला ना, आता मागे जा

अरे शॉशँक, म्हणजे 'द शॉशँक रिडेम्प्शन' हा पिक्चर, समोर ठेवून सगळ्या जुन्या जेलपटांना मार्क देत बसू नकोस, तो 1994 चा, त्यात हिरो सुटतो म्हणून आपण खूश. आधी 1932 चा 'आय अ‍ॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग' बघ, शेवटी त्यातला हिरो पॉल म्यूनी अंधारात मागे मागे सरकतो ना तिथे पोटात कालवतं. मग 1947 चा 'ब्रूट फोर्स'. लोक म्हणतात शेवट उगाच डार्क केलाय, पण तेव्हा हेज कोड, म्हणजे हॉलिवूडची सेन्सॉर नियमावली होती बाबा, कायदा मोडणारा जिंकलेला चालायचाच नाही, मग पळणारे सुटणार कसे? त्यातले बायकांचे फ्लॅशबॅक मात्र बोअर, खुशाल चहा टाकून ये. 'रायट इन सेल ब्लॉक 11' तर कॅलिफोर्नियातल्या खऱ्या फॉल्सम जेलमध्ये शूट झालाय, भिंती नीट बघ.