अहवालातलं 'आढळले नाही'

प्रश्न: सोयाबीनचे कोवळे कोंब शंखी गोगलगायी फस्त करतात, म्हणून आम्ही मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतो. बांधालगतच्या विहिरीचं पाणी घरात पितो. एका खासगी प्रयोगशाळेत ते तपासलं, 'आढळले नाही' असा शेरा आला. आता काळजी सोडावी का?
– एक शेतकरी भगिनी, औसा तालुका

उत्तर: ताई, एवढ्यात नको. त्या शेऱ्याशेजारी आकडा आहे का बघा. नसेल तर विचारा, तुमचं यंत्र कमीत कमी किती दाखवतं? लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या खालचं त्यांना दिसतच नसेल, तर पाण्यात ५ असले तरी कागदावर 'नाही'च येणार. माझी हयात पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. आकडा नसलेल्या 'नाही'ला मी काडीची किंमत देत नाही.

युरोपात पिण्याच्या पाण्यात जवळजवळ कुठल्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरच्या हजार टँकरांत मिळून एक ग्रॅम! तुमच्या २.५ टक्क्यांच्या दोन किलो गोळ्यांत मूळ औषध ५० ग्रॅम असतं. सगळं विहिरीत उतरत नाही, मातीतले जीवाणू बरंचसं संपवतात. पण ते मातीला धरून राहत नाही, पावसाबरोबर निघतं. इंग्लंडात तर शुद्धीकरणातल्या कोळशालाही ते नीट अडवता येईना. मार्च २०२२ अखेर तिथे उघड्यावरचा वापर बंद झाला. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आपल्या लातूर-बीडकडे गोगलगायींनी सोयाबीनचा फडशा पाडला.

इतकं कमी टिपायला बहुधा आधी पाणी 'दाट' करतात. अर्धा लिटर पाणी बोटाएवढ्या नळीतल्या भुकटीतून हळूहळू सोडायचं, भुकटीत अडकलेलं औषध मिलिलिटरभर द्रावकात उतरवायचं: झालं पाचशेपट. मग एलसी-एमएस-एमएस यंत्र रेणूच्या वजनावरून ते ओळखतं. पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर इथे कुचकामी.

पुढचा नमुना गोळ्या टाकल्यानंतरच्या पहिल्या दमदार पावसावर घ्या. उन्हाळ्यातला नमुना फुकाचा दिलासा देतो. गडद काचेची बाटली प्रयोगशाळेकडूनच मागा. गोळ्या टाकणाऱ्यानं तिला हात लावू नये, नखातली भुकटीसुद्धा आकडा फुगवते. बर्फात ठेवून लगेच पोचवा. सोबत त्यांच्याच शुद्ध पाण्याची एक बाटली विहिरीवर नेऊन, उघडून, झाकून परत द्या. तिच्यातही औषध निघालं, तर तो आकडा विहिरीच्या नावावर टाकू नका.