गाईडना पहिला मेल

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातला. भूगोलात एम.ए. झालो. कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाजवळ आमची शेती आहे. तिथल्या बदलत्या शेतीवर पीएच.डी. करायची आहे. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर सगळीकडच्या विद्यापीठांत गाईडना, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांना, मेल केले (सोबत जोडला आहे). एकाचेही उत्तर नाही. ओळख काढावी लागते का? जमिनीचे कन्नड उतारे मला वाचता येतात, त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तर : ओळखीच्या मागे लागू नका. तुमचा मेल मी वाचला. 'आदरणीय सर/मॅडम, आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची इच्छा आहे.' त्यात ना कणकुंबी, ना मलप्रभा. इतका चांगला विषय हातात असताना हे वाचून मला वाईट वाटले.

शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जा. कुणाच्या हाताखाली कोणते प्रबंध झाले ते तिथे दिसते. दोन-तीन गाईड निवडा आणि त्यांच्या विद्यार्थ्याचा एक तरी प्रबंध नीट वाचा. समजा तो घटप्रभेच्या कालव्याखालच्या उसावर असेल, तर विचारा : हीच पद्धत घाटमाथ्यावरच्या भात-नाचणीला लावता येईल का? अशा प्रश्नाला उत्तर द्यावेसे वाटते.

आणि कन्नडचे तुम्ही शेवटी सहज विचारले आहे, ते तर मेलच्या सुरुवातीलाच हवे! आजचे उतारे कन्नडात, गावातले बोलणे मराठीत. शिवाय 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या कागदांसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारातही जावे लागेल. हे सगळे पेलणारा विद्यार्थी गाईडना सहजी मिळत नाही.

जागा आहे का, हे सरळ विचारा. त्यात संकोच नको. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकांना एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकांना 6 आणि सहायक प्राध्यापकांना 4 च विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला 3 वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. म्हणजे उत्तर न येण्यात दर वेळी तुमचा दोष नसतो. होकार आला तरी प्रवेश विद्यापीठाच्या प्रक्रियेतूनच होईल, हे ध्यानात ठेवा.

मेल अर्ध्या पानाचा पुरे, सोबत एक पानी आराखडा. कोल्हापूरला मराठीत लिहा, धारवाडला इंग्रजीत. दोन आठवडे वाट पाहून एकदा आठवण करून द्या. मग विभागात फोन करून वेळ घ्या आणि प्रत्यक्ष भेटा. नवा मेल आधी मला दाखवा. कणकुंबीच्या पावसाचे आकडे कुठून मिळवणार, तेही आराखड्यात येऊ द्या.