चिकटून राहायचं की निघायचं? जिवाणूंच्या आतल्या निरोपाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : घरी माडीचं व्हिनेगर करतो. बरणीत वर रबरासारखी जाड साय धरली आहे. टाकून द्यावं का? (वेंगुर्ला)

नको. ती साय सेल्युलोजची आहे. कापसात असतं तेच. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, म्हणून ते असा थर विणून पृष्ठभागावर राहतात. फिलिपिन्समध्ये नारळपाण्यावर हा थर मुद्दाम धरवतात आणि पाकात घालून 'नाता दे कोको' म्हणून खातात. आपल्याकडे खोबरं वाळवताना पाणी सरळ ओतून देतात, ते बघून हळहळ वाटते. सायीवर हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली, तर मात्र सगळंच फेका.

या सायीला विज्ञानातही मान आहे. ती विणणारं यंत्र कोण चालू करतं, हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले मोशे बेन्झिमन आणि सहकारी शोधत होते. 1987 मध्ये त्यांना पेशीच्या आत ते यंत्र चालू करणारा एक छोटा रेणू सापडला : सायक्लिक-डाय-जीएमपी. बरीच वर्षं ही व्हिनेगरच्या जिवाणूची खासियत समजली गेली. पुढे जनुकसंच वाचले गेले तेव्हा कळलं, की असंख्य जिवाणूंकडे हाच रेणू आहे, आणि त्यात रोगजंतूही आले.

प्रश्न : पाण्याच्या टाकीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकतो, तरी आतला बुळबुळीत थर जात नाही. पावडर वाढवू का? (देवगड)

वाढवू नका, आधी घासा. पोहणारा जिवाणू भिंतीला टेकला की त्याची शेपटी अडखळते. कित्येक जातींत ही अडखळच खबर ठरते. पेशीतली एन्झाइमं सायक्लिक-डाय-जीएमपी बनवू लागतात, त्याचं प्रमाण चढतं, शेपटी थांबते आणि साखरेच्या लांब साखळ्यांचा चिकट लगदा बाहेर पडू लागतो. हाच बायोफिल्म. क्लोरीन वरच्या लगद्याशी झटापट करण्यातच संपतो आणि तळचे जिवाणू शाबूत राहतात. टाकी रिकामी करा, ब्रशनं खरवडून धुवा, भरा आणि मग टीसीएल घाला. आपल्या दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी हळूहळू निकामी होते, तेही बघा.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. पुस्तकात क्वोरम सेन्सिंग आहे, म्हणजे जिवाणू एकमेकांना बाहेरून निरोप देतात. मग हा आतला रेणू कशाला? आणि रोग होणं न होणं कोण ठरवतं? (रत्नागिरी)

बाहेरचा निरोप गर्दी किती आहे एवढंच सांगतो. पृष्ठभाग लागला का, अन्न आहे का, प्राणवायू किती, पित्तरस आला का, या खबरा वेगवेगळ्या वाटांनी येतात. त्यांची गोळाबेरीज पेशीच्या आत, या रेणूच्या कमी-जास्त प्रमाणात होते. कॉलऱ्याच्या जिवाणूत तो बनवणाऱ्या आणि तोडणाऱ्या एन्झाइमांची मिळून साठाच्या आसपास जनुकं आहेत. एका रेणूसाठी एवढा फौजफाटा!

याच जिवाणूचं उदाहरण घे. खाडीच्या मचूळ पाण्यात तो सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या पाठीला चिकटून राहतो. त्यांचं कवच कायटिनचं, कोळंबीच्या सालीसारखं. तिथे रेणूचं प्रमाण चढं असतं. माणसाच्या पोटात गेल्यावर ते उतरावं लागतं. कॉलऱ्याच्या 'क्लासिकल' प्रकारात व्हिएए नावाचं प्रथिन हा रेणू तोडतं. ते बिघडवलं तर रेणू साचतो आणि विष बनवण्याचा हुकूमच नीट सुटत नाही. आता गर्दीकडे ये. अनेक रोगजंतू संख्या वाढली की हल्ला करतात, हा उलटा वागतो. आतड्यात दाटी झाली की हॅपआर हे प्रथिन वाढतं, रेणूचं प्रमाण उतरतं, चिकटपणा संपतो आणि विषाची जनुकंही गप्प होतात. जुलाब सुरू झालेलेच असतात, त्याला फक्त बाहेर पडायचं असतं. परीक्षेत 'गर्दी म्हणजे बायोफिल्म' असं सरसकट लिहू नकोस.

जाता जाता : बांगलादेशच्या खेड्यांत जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळल्यानं कॉलऱ्याचे रुग्ण सुमारे निम्म्यावर आले. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी हे 2003 मध्ये प्रसिद्ध केलं. सुटा जिवाणू साडीत अडकत नाही; ज्यांच्या पाठीवर तो बसलेला असतो, ते प्राणी अडकतात.

प्रश्न : तिसऱ्या (शिंपल्या) चार पाण्यांनी धुतल्या तर पुरेसं आहे ना? (मालवण)

नाही. तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे जिवाणू त्यांच्या आतच जमतात. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस त्यातलाच. 1950 मध्ये ओसाका परिसरात छोट्या वाळवलेल्या माशांतून झालेल्या विषबाधेनंतर तो ओळखला गेला. त्याच्यातही तोच रेणू चढला की चिकटपणा आणि उतरला की पृष्ठभागावर झुंडीनं सरकणं, असा खेळ चालतो. धुऊन फक्त वाळू जाईल. शिंपा उघडल्यावरही काही मिनिटं उकळू द्या, न उघडलेल्या टाका. आणि ज्या विळीवर तिसऱ्या उघडल्या तिच्यावर कोशिंबिरीची काकडी चिरू नका. घरोघरी घोटाळा होतो तो इथे.

प्रश्न : सासूबाईंना लघवीची नळी आहे. रिपोर्टमध्ये औषध 'लागू' दाखवतात, पण ताप फिरून येतो. हा रेणूच बंद पाडणारं औषध नाही का? (अलिबाग)

प्रयोगशाळेत औषधाची परीक्षा सुट्या जिवाणूंवर होते. नळीच्या आतल्या थरात त्याच जिवाणूंना काही वेळा शेकडो पट जास्त मात्रा लागते, आणि तेवढी माणसाला देता येत नाही. म्हणून जुनी नळी बदलायची किंवा काढता येते का, हे डॉक्टरांना आधी विचारा.

तुम्ही म्हणता तसं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूच्या थरावर नायट्रिक ऑक्साइड या वायूची अगदी थोडी मात्रा सोडली की रेणू उतरतो आणि थर विस्कटतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण विस्कटलेले जिवाणू मरत नाहीत, मोकळे होतात, आणि मोकळा जिवाणू रक्तात शिरला तर दुखणं जास्त तीव्र होऊ शकतं. त्यामुळे असं औषध आलंच, तरी ते अँटिबायोटिकच्या जोडीनंच द्यावं लागेल, असं मला वाटतं.